पायरीवर बरे झालेले नऊ जण

सकाळी पावणेसहाला सभागृहासमोर दीडशे माणसं उभी होती आणि त्यातल्या एकालाही स्वतःच्या कपड्यांची बटणं लावता आली नव्हती. कुणाची सुनेनं लावून दिली होती, कुणाची नवऱ्यानं, तीही वरखाली. सगळ्यांना आमवात. बोटांचे सांधे सुजलेले, मूठ मिटत नाही. पण साडेदहाला बाहेर पडताना मूठ मिटलेली असणार, याची सगळ्यांना खात्री होती. आणि खरं सांगायचं तर ती मिटायचीही.

कडेबाबांचा कार्यक्रम ठरलेला. सहाच्या ठोक्याला दार बंद. मग प्रत्येकाला पाण्यानं भरलेला कप द्यायचा. तो कुणालाच धरवायचा नाही, निम्मं पाणी फरशीवर. मग मनगटात तांब्याचं कडं आणि साडेचार तास बाबांचं निरूपण. "तांबं सांध्यातली थंडी ओढून घेतं. डॉक्टरांच्या गोळ्या तांब्याला आडव्या येतात. गोळ्या सोडा, कडं धरा." साडेदहाला पुन्हा कप. या वेळी एक थेंब सांडायचा नाही. टाळ्या व्हायच्या, लोक डोळे पुसायचे आणि कडी परत जमा व्हायची.

"मग दुसऱ्या दिवशी सकाळी हात पुन्हा का आखडतो?" मी ताईला विचारलं.

"रात्री मनात शंका येते. शंकेनं कड्याचा गुण उतरतो, असं बाबा म्हणतात."

"म्हणजे तू रोज बरी होतेस आणि रोज आजारी पडतेस?"

"तू नर्स आहेस. तुला नाही कळायचं."

ताई माझी थोरली बहीण. अर्ध्या गावाचे कपडे तिच्या हातचे. सहा आठवड्यांपूर्वी तिनं गोळ्या बंद केल्या आणि उजव्या हाताची दोन बोटं तिरकी व्हायला लागली. आमवातानं एकदा सांधा खाल्ला की तो परत येत नाही. मला रात्र रात्र झोप लागत नव्हती.

त्यातच आमच्या इस्पितळात आमवातावरच्या एका नव्या औषधाची चाचणी सुरू व्हायची होती. जुन्या गोळ्यांनी ताईला पुरता गुण नव्हताच, म्हणून डॉक्टरबाईंनी तिचं नाव सुचवलं होतं. नोंदणी शुक्रवारी संपणार होती. ताई म्हणाली, "मी तर बरी झालेय. आजारी माणसांची जागा कशाला अडवू?"

गुरुवारी मी म्हटलं, चल, मीही येते तुझ्या बाबांकडे. ती हरखली. मग मला पिशवी सापडेना. सापडली, तर गॅस बंद केलाय का ते बघायला मी दोनदा परत गेले. आम्ही पोचलो तेव्हा सहा वाजून दोन मिनिटं झाली होती.

"उशिरा आल्याला गुण नाही," आतून दारवान म्हणाला आणि त्यानं कडी लावली.

ताईनं माझ्याकडे जे बघितलं ते लिहिण्यासारखं नाही. पायऱ्यांवर आमच्यासारखे उशीर झालेले आणखी आठ रुग्ण बसले होते. मी पिशवीतून रक्तदाब मोजायचा पट्टा काढला, त्याची गुंडाळी करून थोडी हवा भरली आणि म्हटलं, "बसल्या बसल्या एकेकानं दाबा बरं." मूठ जितकी जोरात आवळेल तितका काटा चढतो. ताईचा चाळिसावर अडला. निवृत्त पोस्टमनकाकांचा पस्तिसावर. नऊही आकडे मी वहीत लिहिले.

पुढचे साडेचार तास आम्ही चहा प्यायलो आणि बाबांच्या नावानं खडे फोडले. पोस्टमनकाका त्यात सर्वांत पुढे. बाबांनी ते कडं कुठे घालून घ्यावं याबद्दल त्यांनी केलेल्या सूचना इथे छापता येणार नाहीत.

साडेदहाला पुन्हा मोजलं. काका नव्वद. ताई पंच्याऐंशी. नऊच्या नऊ जणांचे आकडे वर.

"तुझा काटा बिघडलाय," ताई म्हणाली. पुन्हा दाबला. पुन्हा पंच्याऐंशी.

"मी तर चार तास शिव्याच दिल्या हो," काका आपल्या हाताकडे बघत राहिले.

इतक्यात दार उघडलं. आतली मंडळी कप उंचावत बाहेर आली. काकांनी एकाच्या हातातला कप घेतला आणि काठोकाठ भरलेला तसाच धरून दाखवला. मग बाकीच्या आठांनीही. उंबऱ्यावर बाबा आले, परिस्थिती पाहिली आणि मंद हसले.

"माझी कृपा दारातून बाहेरही झिरपते."

"मग दार बंद कशाला करता?" ताईनं विचारलं. "आणि हातात कडं तरी कशाला?"

मग मीही बोलून घेतलं. आमवाताची खोडच अशी आहे. रात्रभर हालचाल नसली की सांधे आखडतात, सकाळी सर्वांत जास्त. दिवस चढतो तसे ते आपोआप सैल होतात. बाबा सकाळी सहाला मोजतात आणि साडेदहाला मोजतात, त्यांची विद्या एवढीच. "उद्या कार्यक्रम साडेदहाला सुरू करा, बाबा. आणि तेव्हा कुणाला कप धरवत नाही ते दाखवा."

"साडेदहाला तांबं तापतं," बाबा म्हणाले.

कुणीतरी फिस्सकन हसलं. तरी गर्दी संपली असं समजू नका. दुसऱ्या दिवशी साठएक माणसं पुन्हा दारात उभी होतीच. माझं त्यांच्याकडे एवढंच मागणं आहे: चमत्कार अवश्य बघा, पण ज्याला तो मिळाला नाही त्याचं काय झालं तेही जाऊन विचारा. ते विचारायला विद्या लागत नाही.

शुक्रवारी ताई डॉक्टरबाईंसमोर बसली. संमतीपत्राचं पान न पान वाचलं, मग माझ्याकडे वळली.

"या गोळीनं तरी गुण येईल का?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "निम्म्यांना नवी गोळी, निम्म्यांना सध्याची. कुणाला कोणती ते तुला, मला, डॉक्टरबाईंनाही कळणार नाही. गुण आला नाही तर आला नाही असंच लिहायचं."

"बाबा असं कधी म्हणाले नाहीत."

तिनं वाकड्या बोटांत पेन धरून सही केली. डॉक्टरबाईंनी विचारलं, "तपासणीला कोणती वेळ सोयीची? दर वेळी तीच ठेवावी लागेल."

"इस्पितळ उघडतं ती," ताई म्हणाली. "माझी मूठ सकाळीच मोजा. मला खोटं बरं व्हायचं नाही."