चाकाला लावलेला वरवंटा

मी वरवंटा बोलतोय. नुसता वरवंटा. पाटा सांगलीला राहिला. जोडीतल्या एकानेच बोलणं बरं दिसत नाही, पण काय करणार? पाट्याचं वजन विमानाला झेपण्यातलं नव्हतं.

हल्ली थंडीत मी अॅरिझोनाच्या वाळवंटात असतो आणि उन्हाळ्यात ईडन प्रेरीला, मिनेसोटात. एखाद्या दगडाने असं दरवर्षी हवापालटाला जावं याचं तुम्हाला नवल वाटेल. सुरुवातीला मलाही वाटायचं. आता सवय झाली.

जन्म पाथरवटाच्या हातून झाला, टाकीचे घाव खात. वसुधाच्या आईने आम्हा दोघांना बाजारातून उचललं तेव्हा भाव करता करता पाथरवटाला रडकुंडीला आणलं होतं. मग चटण्या. खोबऱ्याची, लसणाची, तिळाची. पाटा खाली, मी वर. दिवस चांगले होते.

वसुधाचं लग्न झालं. ती भुलीची डॉक्टर, नवरा गिरीश इंजिनिअर. दोघं अमेरिकेला निघाले तेव्हा आईने मला धुऊन, पुसून, जुन्या पातळात गुंडाळून वसुधाच्या बॅगेत घातलं. वसुधा म्हणाली, "आई, अगं तिकडे मिक्सर असतो."

"मिक्सर बारशाला चालतो का?" आई म्हणाली. "तिकडे सगळं मिळेल तुला. वरवंटा कोण देणार?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे बारशाच्या दिवशी बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा जातो. आंघोळ घालतात, तेल लावतात, कुंची घालतात, काजळाचे डोळे काढतात, गालाला तीट लावतात. मग बायका "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" करत मला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात देतात आणि शेवटी पाळण्यात निजवतात. बाळ माझ्यासारखं दणकट व्हावं म्हणून. एरवी माणसं एकमेकांना दगड म्हणतात ते चिडून. तो एक दिवस मात्र कौतुकाने म्हणतात.

न्यूयॉर्कला कस्टमच्या माणसाने मला बॅगेतून बाहेर काढलं.

"हे काय आहे?"

"दगड," गिरीश म्हणाला.

"कशासाठी?"

"बाळासाठी."

त्या माणसाने वसुधाच्या पोटाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. त्याने मला परत बॅगेत ठेवलं आणि "गुड लक" म्हणाला. चांगला माणूस होता.

ईडन प्रेरीत पहिलं बारसं झालं ते पद्मिनीच्या मुलीचं, अनयाचं. पद्मिनी म्हणजे वसुधाची मैत्रीण. बाहेर गुडघाभर बर्फ आणि बेसमेंटमध्ये मी लाल कुंचीत. कुणाच्या तरी हातून निसटलो आणि सिमेंटवर आपटलो. उजव्या गालाचा टवका उडाला. सगळ्या आधी "अगं बाई" म्हणाल्या आणि मग जमिनीला काही झालं नाही ना, ते बघायला वाकल्या. माझी चौकशी एकट्या वसुधाने केली.

पुढे वीर, ज्ञानदा, मिहीर, उर्वी. त्या भागातल्या सगळ्या मराठी पोरांच्या आधी मी पाळण्यात पडलोय. बारसं ठरलं की वसुधाला फोन यायचा, "काकू, तुमचा वरवंटा रिकामा आहे का?" सोनल आणि प्रितमच्या मुलीचं नाव ठेवताना बुद्धवंदना होती. तिथे माझं काही काम नव्हतं, तरी वसुधा सवयीने मला पिशवीत घालून घेऊन गेली. मी दिवसभर कोटांच्या ढिगाखाली पडून होतो. जेवण फार छान होतं म्हणे.

आमच्या घरचं बारसं मात्र झालं नाही. दोनदा होणार होतं. पहिल्या वेळी गिरीशने गॅरेजमध्ये पाळणा करायला घेतला. पुढे त्याच लाकडाचं त्याने शेल्फ केलं आणि त्यावर रंगाचे डबे ठेवले. दुसऱ्या वेळी त्याने लाकूड आणलंच नाही. तिसरी वेळ आली नाही. वसुधा तेव्हाही दुसऱ्यांच्या बारशांना जायची, मला कुंची घालायची, तीट लावायची आणि घरी येऊन सिंकखाली ठेवून द्यायची. मला त्या सिंकखाली फार वाईट वाटायचं. दगडाला वाटतं वाईट. बोलून दाखवता येत नाही एवढंच.

दोघं रिटायर झाली आणि गिरीशने आरव्ही घेतली. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. पलंग, शेगडी, संडास सगळं आत. ईडन प्रेरीतले लोक म्हणाले, "अहो काका, एवढं चार बेडरूमचं घर सोडून गाडीत राहायचं?" गिरीश म्हणाला, "बर्फ काढून कंटाळा आला." त्यावर कुणाला काही बोलता येईना, कारण सगळ्यांनाच आला होता.

तेव्हापासून थंडी पडली की आम्ही दक्षिणेला. गाड्यांच्या मुक्कामाचं एक पार्क झालं की दुसरं. वाळवंटातली माणसं बघण्यासारखी असतात. सगळी सत्तरीच्या पुढची, सगळ्यांकडे घडीच्या खुर्च्या, निम्म्यांकडे छोटी कुत्री. सकाळी कुत्र्याला फिरवतात, दुपारी एकमेकांच्या गाडीखाली वाकून पाइप बघतात. गिरीशला त्या सांडपाण्याच्या पाइपबद्दल बोलायला फार आवडतं. आयुष्यभर एअर कंडिशनिंग केलं, पण असा आनंद त्याच्या तोंडावर मी तेव्हा पाहिला नव्हता. संध्याकाळी दोघं खुर्च्या टाकून वाळवंट बघत बसतात. वाळवंट काही करत नाही. तरी बघतात.

वसुधाने मला सोबत घेतलं ते आलं ठेचायला आणि नारळ फोडायला. पण पहिल्याच ट्रिपला, चाक घसरू नये म्हणून लावायची प्लास्टिकची पिवळी पाचर गिरीश कुठल्या तरी पार्कात विसरून आला. पुढच्या मुक्कामी जमीन उतरती. तो खालून ओरडला, "वसू, तो वरवंटा दे गं जरा!"

"अहो, काहीतरीच काय!" ती म्हणाली. पण दिला.

झालं, तेव्हापासून मी चाकाला. नवी पाचर घ्यायचं दरवर्षी ठरतं. मी तक्रार करत नाही. काम काम असतं. आल्यापेक्षा चाक बरं, निदान डोळ्यांत काही जात नाही.

यंदाच्या जानेवारीत दूर उत्तरेतल्या रेडमंडहून अनयाचा व्हिडिओ कॉल आला. तीच ती, माझ्या टवक्यावाली. आता चाळिशी ओलांडलेली, सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर, आणि उशिरा का होईना, मुलगी झालेली. वसुधा गेले कित्येक दिवस या कॉलची वाट बघत होती. मला कसं पाठवायचं, कुरिअर बरं की स्वतःच गाडी घेऊन जावं, सगळं तिने ठरवून ठेवलं होतं.

"वसुधा मावशी, वी ऑलरेडी डिड इट!" अनया म्हणाली. "छोटंसंच केलं, झूमवर. आय युज्ड अ डॉल, यू नो, इन्स्टेड ऑफ द रॉक. सेफ्टी यार."

"अगं छान केलंस," वसुधा म्हणाली. "बाहुली छानच दिसली असेल." मग बाळाचं तोंड बघितलं, वजन विचारलं, फोन ठेवला. भाजी चिरली. गिरीश पाइप धुवत होता. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्हाला ते पार्क सोडायचं होतं. सकाळी गिरीश कचरा टाकायला गेला तशी वसुधा बाहेर आली. तिने मला चाकामागून उचललं, पदराने पुसावं तसं स्वेटरच्या बाहीने पुसलं आणि मागच्या चढावर एका झुडपाखाली नेऊन ठेवलं. डोकं पूर्वेकडे. आसपास बरेच दगड होते.

"इथेच राहा बाबा," ती म्हणाली. "आमच्यानंतर तुला कोण बघणार? इथे निदान सोबत आहे."

आणि गेली. मागे वळून बघितलं नाही. मी त्या दगडांकडे बघितलं. बोलके वाटले नाहीत. खरं सांगतो, मी घाबरलो.

पण गिरीश हा वस्तू शोधणारा माणूस. गाडी काढायच्या आधी त्याने चाक बघितलं, मी नाही. गाडीखाली बघितलं, नाही. मग तो पंचाहत्तर वर्षांचा इंजिनिअर झुडूप न् झुडूप वाकून बघत चढावर आला. "अरेच्चा! तू इथे होय!" म्हणून त्याने मला काखोटीला मारलं आणि निघाला. हे सगळं शेजारच्या गाडीतल्या, छोटं कुत्रं धरलेल्या बाईने पाहिलं. तिला काय दिसलं? तर एक म्हातारा सरकारी वाळवंटातल्या झुडपाखालून, माणसाच्या हाताने घडवलेला एक जुना दगड उचलून गाडीत घालतोय. तिने फोन केला. तिची काही चूक नाही.

त्या सरकारी जमिनीची राखण करणारी रेंजर आली. टोपी घातलेली, तरुण, अगदी अदबीने बोलणारी. तिने मला बघायला मागितलं.

"हे काय आहे, सर?"

"दगड," गिरीश म्हणाला.

"कशासाठी वापरतात?"

"वाटायला. ग्राइंडिंग."

"हो सर. तीच तर काळजी आहे."

मग तिने समजावून सांगितलं. या भूमीवर फार पूर्वीपासून राहणारी माणसं अशाच दगडांनी मका दळायची. खाली एक पसरट दगड, वर हातात धरायचा एक. ते दगड अजून इथे सापडतात आणि ते उचलून नेणं हा गुन्हा आहे. मी ऐकतच राहिलो. इतकी वर्षं अमेरिकेत राहून मला पहिल्यांदाच कळलं की माझे इथे नातेवाईक आहेत.

गिरीश म्हणाला, "हा आम्ही इंडियातून आणलाय."

"पण सर, तुम्ही तो त्या झुडपाखालून घेतलात ना?"

"घेतला."

"मग तो तिथे कसा गेला?"

गिरीशने थोडा विचार केला. "लोळत गेला असेल," तो म्हणाला.

रेंजरने चढाकडे पाहिलं. मग गिरीशकडे पाहिलं. मग म्हणाली की तूर्त तिला हा दगड ताब्यात घ्यावा लागेल. ऑफिसातले जाणकार बघतील आणि इथला निघाला तर नंबर घालून, खणात नीट जपून ठेवतील.

वसुधा दारात उभी होती. तिने अजून एक अवाक्षर काढलं नव्हतं. गप्प राहिली असती तरी भागलं असतं. मी कायमचा एका कोरड्या, सुरक्षित खणात गेलो असतो आणि तिची काळजी मिटली असती. सकाळी तिला हेच तर हवं होतं. मी तिच्याकडे बघत होतो.

रेंजरने मला उचललं आणि हात खाली सोडून गाडीकडे निघाली.

"अशी धरू नकोस त्याला," वसुधा म्हणाली. चांगली मोठ्याने. "उलटा धरलायस. डोकं खाली आहे त्याचं."

रेंजर थांबली. "याला डोकं आहे?"

"हे काय, इथे! कुंची घालतो आम्ही." वसुधा पायऱ्या उतरून आली, तिने मला रेंजरच्या हातातून काढून घेतलं आणि सरळ केलं. "हा दुसऱ्या कुणाचा नाही. माझा आहे. माझ्या आईने माझ्या बाळासाठी दिला होता. बाळ राहिलं नाही. हा राहिला." आणि रडायला लागली. गिरीश पाइप हातात धरून तसाच उभा.

रेंजरने टोपी काढून हातात घेतली. तरी काम सोडता येत नव्हतं. तिने हळूच विचारलं, एखादा फोटो आहे का? वसुधाने रेडमंडला फोन लावला, अनयाने पद्मिनीला. थोड्या वेळाने फोटो आला. बेसमेंट, पाळणा, पाळण्यात लाल कुंची, काजळाचे डोळे, तीट. आणि उजव्या गालावर ताजा टवका. रेंजरने फोटो मोठा करून बघितला, मग मला बघितलं, मग परत फोटो.

"तो इथे लहान दिसतो," ती म्हणाली.

"लहान नाही," वसुधा नाक पुसत म्हणाली. "नवीन आहे."

फोटोखाली अनयाचा मेसेज होता. "मावशी, इज दॅट द रॉक? ओ माय गॉड, ही हॅज अ फेस! मला आईने कधी दाखवलाच नाही. प्लीज घेऊन ये ना, वी विल डू इट अगेन."

रेंजरने मला परत दिलं. या वेळी दोन्ही हातांनी, डोकं वर.

आम्ही निघालो. मी दोघांच्या मध्ये, पाण्याच्या बाटल्यांच्या जागेत.  दोन्ही बाजूंना हात वर केलेले निवडुंग. मग गिरीश रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "वसू, उतार तर आपल्या गाडीकडे होता गं."

"हो."

"लोळून वर कसा जाईल?"

"मी ठेवला होता," वसुधा म्हणाली.

त्याने मान हलवली. पुढे एक अख्खं गाव मागे पडलं.

"पुढच्या वेळी मला विचार," तो म्हणाला. "माझाही आहे तो."

वसुधाने हात पुढे केला आणि माझ्यावर ठेवला. थोड्या वेळाने त्यानेही ठेवला. मग ती म्हणाली, "अहो, दोन्ही हातांनी चालवा," तेव्हा त्याने काढला.

नवी पाचर अजून घेतलेली नाही, त्यामुळे हे सांगतानाही मी चाकालाच आहे. एप्रिलमध्ये रेडमंड. तिथे पाऊस फार असतो म्हणतात, पण मला काय. त्यानंतर मी रिकामाच आहे. तुमच्याकडे कुणाचं बारसं असलं तर वसुधा किंवा गिरीश, कुणालाही फोन करा. कुंची तुमची तुम्ही शिवा. आणि कृपा करून धरताना डोकं वर ठेवा.