प्रस्थानाची पिशवी

ऐन वैशाखात बर्फ पडतो, हे माधवरावांच्या पचनी पडत नव्हतं. इथे घरी, दाना ओली मोहल्ल्यात, कूलरसुद्धा गरम वारा फेकत होता, आणि तिकडे हिमाचलात त्यांचा राघव घाटात गाडीत अडकला होता. सकाळी लख्ख ऊन, दुपारी बर्फ. रस्ता बंद झाल्याचा त्याचा निरोप आला आणि मग फोनच लागेना.

“गरम कपडे आहेत ना त्याच्याजवळ?” दुर्गाबाईंनी चौथ्यांदा विचारलं.

“आहेत म्हटलं ना!” ते खेकसले. “स्वेटर, कानटोपी, सगळं मी स्वतः भरलंय.”

मुहूर्त गुरुवारचा होता आणि गाडी शुक्रवारची. म्हणून रीतीप्रमाणे त्यांनी गुरुवारीच राघवच्या सामानातली एक पिशवी शेजारच्या मंदाताईंकडे प्रस्थान म्हणून नेऊन ठेवली होती. निघताना ती उचलायची आणि पुढे जायचं. “बाबा, ये सब कौन मानता है अब?” राघव हसला होता.

तेवढ्यात मंदाताई दारात आल्या.

“राघवचं जाणं रद्द झालं का हो? हे प्रस्थान माझ्याकडेच राहिलंय.”

त्यांच्या हातातल्या पिशवीतून कानटोपी डोकावत होती.

दुर्गाबाईंनी ती ओढून काढली आणि माधवरावांच्या हातात ठेवली.