सरपंचबाईंचा कॅमेरा

बेबीनंदा सरपंच झाली त्याला वर्ष उलटून गेलं होतं, आणि एवढ्या काळात तिनं सरपंचाची खुर्ची एकदाच पाहिली होती. तीही खुर्ची रंगवायला बाहेर काढली होती तेव्हा.

वाटूर फाट्यावरून आत गेलं की सोनखेडा लागतं. तिथलं सरपंचपद बायांसाठी राखीव झालं, तेव्हा तिच्या नवऱ्याचं, भुजंगचं, जेवणावरचं मन उडालं. कितीतरी वर्षं तो त्या खुर्चीवर डोळा ठेवून होता. दोन दिवस सुतकात बसल्यासारखा बसला, आणि मग त्याला आठवलं की आपल्याला बायको आहे. अर्ज तिच्या नावानं भरला. पोस्टरवर तिचा फोटो शिक्क्याएवढा आणि त्याचा परातीएवढा छापला. निवडून आली ती, पण हार त्यानंच गळ्यात घालून घेतला. तेव्हापासून गाव त्याला 'सरपंच' म्हणायचं आणि तिला 'सरपंचाची मंडळी'. ग्रामपंचायतीचे कागद घरी यायचे, ती चुलीपुढून उठून सह्या करायची आणि पुन्हा भाकरी थापायला बसायची.

त्या दिवाळीत भाऊबीजेला तिचा भाऊ देवानंद औरंगाबादहून आला. वाळूजच्या कंपनीत तो कामाला होता. ओवाळणीच्या ताटात त्यानं साडी टाकली नाही, एक चपटं खोकं ठेवलं. आत चांदीच्या रंगाचा, मुठीत मावेल एवढा डिजिटल कॅमेरा.

"ताई, तुह्यासाठी घेतलाय. दाजीला देऊ नको."

"मला काय करायचा रे? म्या काय फोटोवाली हाये का?"

"सरपंच तरी कुठं हायेस? तरी बी झालीस ना?" असं म्हणून तो हसला आणि दुपारच्या गाडीनं निघून गेला.

कॅमेरा चालू करणं म्हणजे दिवा लावण्यासारखं असेल, असं बेबीनंदाला वाटलं होतं. भुजंग फाट्यावर चहाला गेल्यावर तिनं खोकं उघडलं. सेल घातले, बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, तरी काही नाही. "मेलेला निघाला वाटतं," ती म्हणाली.

सासू झुंबरबाई शेजारी तूर निवडत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "बॅटरीत सेल उलटे घातले की बॅटरी पेटती का?"

सेल उलटेच होते. ते फिरवल्यावर कॅमेऱ्याचं नाक सुर्रकन बाहेर आलं, आणि बेबीनंदानं दचकून तो तुरीच्या सुपात टाकला.

"अगं, हाती धर त्याला! इंचू हाये का?"

पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. बेबीनंदा दहावी पास होती, पण इंग्रजीत काठावर. तारीख विचारतोय एवढं तिला कळलं. ती घातली. मग चित्रांच्या गर्दीत हिंडता हिंडता तिला भाषांची यादी सापडली आणि तिच्यात हिंदी. हिंदी लावल्याबरोबर कॅमेरा एकदम सोयऱ्यासारखा बोलायला लागला. कार्ड नाही, म्हणाला. कार्ड खोक्यातच होतं. ते खाचेत नुसतं ठेवून भागत नाही, टक् वाजेस्तोवर आत ढकलावं लागतं, हे कळायला तिला आणखी एक दुपार लागली.

पहिला फोटो झुंबरबाईचा. घरात अंधार, त्यात लखकन उजेड पडला. पडद्यावर म्हातारी उमटली, डोळे निखाऱ्यासारखे लाल.

"ही कोण हडळ?" झुंबरबाई म्हणाली.

"तुम्हीच की आत्याबाई."

"मह्या डोळ्यात जाळ कवा लागला?"

बेबीनंदानं पुस्तिकेतली चित्रं पाहून, कॅमेऱ्यातली बटणं चाचपून त्यावर इलाज काढला. डोळ्याचं चित्र लावलं की आधी बारीक उजेड पडतो, मग मोठा, आणि लाली जाते. दुसऱ्या फोटोत झुंबरबाई माणसात आली. मग तिनं नवं लुगडं नेसून, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून तिसरा काढायला लावला. "मी मेल्यावर हाच लावा," तिनं बजावलं, "भुजंगाला निवडू देऊ नको. त्याची नजर बराबर न्हाई."

रोज दुपारी भुजंग बाहेर पडला की हा उद्योग चालायचा. फुलाचं चित्र लावलं की कापसाच्या बोंडातला धागान् धागा दिसतो. बटण आधी अर्धंच दाबायचं, पडद्यावर हिरवा चौकोन आला की पुरतं दाबायचं, नाहीतर माणूस ताकात बुडाल्यासारखा येतो. घाई केली तर काही मिळत नाही, हे त्या यंत्राचं बेबीनंदाला फार आवडलं. घरात कोणतीच वस्तू तिच्यासाठी थांबत नव्हती. हा थांबायचा.

एके दिवशी तिला 'मेरा कॅमरा' असं लिहिलेलं पान सापडलं. त्यात आवाज बदलता येत होते. तिनं एकेक ऐकून पाहिला. घंटा होती, पाण्याचा टपटपाट होता, आणि जनावरंही होती. कॅमेरा चालू केला की कोंबडा, इतर बटणं दाबली की चिमणी, आपोआप फोटो काढायचा असला की लांडगा, आणि फोटो निघताना कुत्रं.

"कुत्रं लाव," झुंबरबाई म्हणाली. "आपलं मेल्यापासून घर सुनं सुनं वाटतं."

त्याच पानावर आणखी एक सोय होती. चालू करताना पडद्यावर आपल्या आवडीचा फोटो लावता येत होता. त्या वेळी भुजंग ओसरीवर बाजेवर झोपला होता. अंगात बनियन, एक पाय खाली लोंबतोय, तोंड आ वासलेलं, मिशीवर माशी. बेबीनंदानं चवड्यावर जाऊन आवाज बंद करून फोटो काढला, लावला आणि आवाज पुन्हा चालू केला.

झुंबरबाईनं तो पाहिला आणि पदर तोंडात कोंबला. "अगं बाई! हे तोंड हाये का आड? पोहरा सोडला तर पाणी लागंल!" दोघी सासूसुना भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

हसून झाल्यावर बेबीनंदाला जराशी भीती वाटली. पण भुजंग कशाला कॅमेरा हाती घेतोय, असं म्हणून तिनं तो फडताळात ठेवून दिला.

महिन्याभरानं ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीचं उद्घाटन ठरलं. परतूरला नव्यानंच आलेल्या गटविकास अधिकारी सत्यशीला मॅडम येणार होत्या. मंडप पडला, भोंगा लागला, पेढे आले. पण परतूरचा फोटोवाला ऐन सकाळी लग्नाची मोठी ऑर्डर धरून पसार झाला. भुजंग घरात आला तोच तडतडत.

"तुह्या भावानं देल्ता तो डबा कुठंय?"

बेबीनंदानं फडताळातून कॅमेरा काढला, पण हातातच धरला. "अहो, त्याच्यात म्या जरा..."

"दे हिकडं जल्दी."

"ऐका तरी. ते आवाजाचं..."

"बटन दाबलं की फोटो निघतो ना? मंग! आता तू शिकवणार का मला? पेढ्याचे पुडे भर आन् बायांत येऊन बस."

सांगायचं तेवढं सांगून झालं होतं, आणि पुढचं ऐकायला तो उंबऱ्याबाहेर गेलाही होता. तिनं झुंबरबाईकडं पाहिलं. झुंबरबाई घाईघाईनं नवं लुगडं नेसत होती. "आवर लवकर," ती म्हणाली, "हे चुकवायचं न्हाई."

मंचावर तीन खुर्च्या होत्या. मधल्या खुर्चीवर मॅडम, एकीकडं ग्रामसेवक, दुसरीकडं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत भुजंग. बाया डाव्या हाताला सतरंजीवर. स्वतः फोटोत यायचं असल्यानं भुजंगनं कॅमेरा कचरूकडं दिला होता. कचरू हा त्याचा उजवा हात. मोटरसायकल, मोबाईल आणि माणूस, तिन्ही आपल्याला चालवता येतात असं तो सांगायचा.

कचरूनं कॅमेरा चालू केला. कोंबडा आरवला.

दुपारचे बारा वाजत आले होते. लोक इकडंतिकडं बघायला लागले. कचरूच्या भोवती उभ्या असलेल्या चारदोघांना मात्र कोंबड्याबरोबर पडद्यावर भुजंगही दिसला, माशीसकट. त्यांनी एकमेकांना कोपरं मारली.

मॅडमनी फीत कापली. कचरूनं बटण दाबलं.

भॉव!

मॅडम दोन पावलं मागं सरल्या. भुजंगनं हाड् हाड् करत मंचाखाली वाकून पाहिलं. तिथं खरोखरच एक गरीब कुत्रं पेढ्यांच्या आशेनं झोपलं होतं. दोघातिघांनी त्याला बदडून हाकललं. मग सगळे बसले आणि भुजंग माइकपुढं उभा राहिला.

"माह्या कारकीर्दीत," त्यानं सुरुवात केली, "या गावानं जी प्रगती केली..."

भॉव!

"...ती समोर दिसतीच हाये. बिलकुल कोन्ही बोट दाखवू शकत न्हाई..."

भॉव! भॉव!

आता मंडपाला उमगलं, की भुंकतोय तो कॅमेरा. आधी पोरं हसली, मग बापे, मग बायांच्या सतरंजीवरून हसण्याची एक लाटच आली. कचरूला घाम फुटला. आवाज बंद करायला म्हणून त्यानं दिसेल ते बटण दाबलं. चिमण्या चिवचिवल्या. मग कॅमेऱ्याचा तांबडा दिवा लुकलुकायला लागला आणि आतून लांडग्यानं असा गळा काढला, की हाकललेलं कुत्रं लांबून उत्तर द्यायला लागलं. कचरूनं कॅमेरा टेबलावर ठेवला आणि दोन हात लांब उभा राहिला.

मॅडम हसू दाबत होत्या. त्यांनी माइक ओढून विचारलं, "हा कॅमेरा कोणाचा आहे?"

भुजंगचं तोंड विटकरीच्या रंगाचं झालं होतं. "घरचाच हाये. मंडळीचा."

"मग त्यांनाच बोलवा ना."

ग्रामसेवकानं पुकारा केला. बेबीनंदा उठली. मंचाच्या तीन पायऱ्या चढताना हसणं थांबलं आणि सगळा गाव तिच्याकडं पाहू लागला. तिनं कॅमेरा हातात घेतला. पडद्यावरची पानं तिच्या ओळखीची होती. बटणागणिक चिमणी चिवचिवत होती, आणि तिनं एकेक आवाज काढून टाकला.

"तुमचं नाव?" मॅडमनी विचारलं.

"बेबीनंदा भुजंगराव."

मॅडमनी भिंतीवरच्या नव्या पाटीकडं पाहिलं. तिथं सरपंच म्हणून तेच नाव कोरलं होतं. मग त्यांनी खुर्चीजवळ उभ्या भुजंगकडं पाहिलं. "म्हणजे सरपंच तुम्ही? मग हे कोण?"

भुजंगनं घसा खाकरला. "मी यांचा... म्हणजे कारभार मीच बघून राह्यलो, मॅडम." मग बायकोकडं वळून हळूच म्हणाला, "झालं का? दे तो कचरूला आन् जा खाली."

बेबीनंदा खाली जायला वळली होती. तिनं नंतर सगळ्यांना खरं तेच सांगितलं, की खाली जायचंच तिच्या मनात होतं. पण कचरूनं कॅमेरा घ्यायला हात पुढं केला, आणि तिला त्या बोंडाचे, म्हातारीचे फोटो आठवले. तिनं हात मागं घेतला.

"याला येत न्हाई," ती म्हणाली. "सगळे फोटो वाया घालवलेत यानं. तुम्ही काढा."

"मी?" भुजंग म्हणाला.

"तुम्हीच. हे बटन आधी अर्धं दाबायचं. हिरवा चौकोन आला की मंग पुरतं. घाई करायची न्हाई." तिनं कॅमेरा त्याच्या हातात ठेवला, दोरी मनगटात अडकवली. "आन् तुम्ही तिकडं गेले की इथं फोटोत खुर्ची रिकामी दिसंल. म्हणून मी बसते."

बायांतून झुंबरबाईचा आवाज आला, "बस गं! खुर्ची काय चावती का?"

बेबीनंदा बसली. भुजंग मंचाखाली उभा राहिला. सबंध गावापुढं बायकोशी भांडावं, तर साहेबीण समोर. कॅमेरा फेकावा, तर दोरी मनगटात. त्यानं बटण अर्धं दाबलं.

"बोला, सरपंचबाई," मॅडमनी माइक तिच्याकडं सरकवला.

तिनं भाषण कधी केलं नव्हतं. "इमारत चांगली झाली," ती म्हणाली. मग जे रोज वाटायचं तेच बोलली. "पर ग्रामसभेला बाया याव्यात असं आपण म्हणतो, आन् इथं बायांना संडास न्हाई. दोन घंटे कशा बसतील? तो आधी बांधू." एवढं बोलून ती थांबली. आधी झुंबरबाईनं टाळी वाजवली, मग सगळ्या सतरंजीनं.

घरी आल्यावर भुजंग कडाडला. कुत्र्यावरून, लांडग्यावरून आणि त्या झोपेच्या फोटोवरून. बेबीनंदानं तो फोटो त्याच्यासमोर काढून टाकला आणि त्याचा राग निम्मा उतरला. मग त्यानं काढलेले फोटो तिनं त्याला दाखवले. मॅडमचं डोकं जागोजाग कापलेलं होतं, पण एक फोटो मात्र झकास आला होता. बेबीनंदा माइकपुढं, मागं नवी भिंत, डोळे मोठे.

"हा मी काढला," भुजंग म्हणाला. बराच वेळ पाहत राहिला. "चौकोन आल्ता हिरवा. मी थांबल्तो."

सोमवारी सकाळी बेबीनंदा न्हाऊन ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवक आला नव्हता. तिनं शिपायाकडून किल्ली मागून घेतली, खिडक्या उघडल्या, खुर्ची पुसून बसली. खुर्ची उंच होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. दुपारपर्यंत संडासाच्या जागेवरून तिची दोघांशी भांडणं झाली, आणि त्यातलं एक ती जिंकली.

बाराच्या सुमाराला भुजंग दारात येऊन उभा राहिला. आत यावं की नाही, हे त्याला ठरवता येईना.

"सैपाक?" त्यानं विचारलं.

"आत्याबाईला इचारा," बेबीनंदा म्हणाली, आणि पुढचा कागद ओढून आधी वाचायला लागली.