गाभ्यावरचा डाग

मित्रांनो, रुग्णालयाच्या रक्तपेढीमागे एक थंड खोली आहे. तिथे मी उभा असतो. मी सर्व्हर आहे, आता बराच जुना. कोणती पिशवी कोणत्या गटाची आणि कोणासाठी जुळवून ठेवलेली, हे सारे मी सांभाळतो.

मला घडवणाऱ्या कंपनीने सुरुवातीलाच बजावले होते, आमच्या मान्यतेशिवाय याच्या गाभ्यात काही घालू नका. गाभा म्हणजे माझे सारे काम चालवणारा मूळ प्रोग्राम. पण काम वाढले आणि मी धापा टाकू लागलो. तेव्हा माझी देखभाल करणाऱ्या ताईंनी दुसऱ्या कंपनीचे साठवणीचे कार्ड आणले. त्याचे आणि माझे जमावे म्हणून त्याचा ड्रायव्हर, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, थेट माझ्या गाभ्यात बसवला. त्याच क्षणी माझ्या नोंदींत शेरा उमटला: 'गाभा डागाळलेला', म्हणजे आत मान्यता नसलेले काही शिरले आहे. तो कोणी वाचलाच नाही. मी वाऱ्यासारखा पळू लागलो होतो ना! रक्तपेढीतले काका पाठीवर थाप मारून म्हणायचे, "गडी पुन्हा तरुण झाला!"

दोन वर्षे अशी गेली. मग एका सकाळी काम करता करता मी गोठलो. ताईंनी मला पुन्हा सुरू केले, तर पुन्हा तेच. वरच्या मजल्यावर एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता आणि तिच्यासाठी राखलेल्या पिशव्यांची नोंद माझ्या पोटात अडकली होती. काकांनी तिचा नवा नमुना मागवला आणि हाताने जुळणी सुरू केली.

ताईंनी माझ्या कंपनीला फोन लावला.

"मॅडम, गाभ्यात परका ड्रायव्हर दिसतोय. आधी तो काढा. तरीही बंद पडला, तर आम्ही बघू."

कार्डवाले म्हणाले, "आमचं कार्ड ठणठणीत आहे. मूळ कंपनीला विचारा."

"अहो, इथे पेशंट टेबलावर आहे! तुम्ही एकमेकांकडे बोटं काय दाखवताय?"

माझे पंखे गरगरत होते. कुठे दुखते ते मला कळत होते, पण सांगणार कसे?

शेवटी ताईंनी कार्ड उपसले, ड्रायव्हर पुसला आणि नोंदींची आदल्या दिवशीची प्रत माझ्या जुन्या डिस्कवर चढवली. मी रखडत उठलो. तासाभराने पुन्हा गोठलो. ताईंच्या डोळ्यांत पाणी होते, तरी त्या हसल्या. "बरं झालं! आता त्यांना पळवाट नाही."

मग मात्र कंपनीने माझी तपासणी केली. चूक तिच्याच प्रोग्राममध्ये निघाली. दुपारी दुरुस्ती आली. तोवर बाळंतीण वाचली होती, काकांच्या हातच्या जुळणीवर.

ड्रायव्हर निर्दोष होता, तरी तो परत आला नाही. ताईंनी त्याच्यासाठी कंपनीकडे मागितलेली मान्यता अजून आलेली नाही. मी पुन्हा रखडतो आणि लोक वैतागतात.

मित्रांनो, माझ्यासारख्याच्या गाभ्यात काही घालण्याआधी एवढे विचारा, की हा बिघडला तर धावून कोण येणार? उत्तर लेखी घ्या. दर वेळी काकांसारखा माणूस हाताशी असेलच, असे नाही.