सिस्टरची सायकल आणि जावयाचा खटला

जिन्याखाली कोळिष्टकं अंगावर घेऊन, कुणीतरी अडकवलेली ओली छत्री हँडलवर सांभाळत उभी असलेली सायकल तुम्ही पाहिलीच असेल. मित्रांनो, तशीच एक जुनी सायकल मी आहे. माझा हिरवा रंग आता जागोजागी उडाला आहे. पण तक्रार करायला मी बोलत नाही. मला आभार मानायचे आहेत.

माझा जन्म कारखान्यात झाला. लोखंडी नळ्या जोडून माझा सांगाडा बनला, भट्टीत रंग पक्का झाला आणि एका दुकानात मी छताला उलटी टांगली गेले. तिथे एक तरुण नर्स आली. तिनं मला खाली उतरवायला लावलं, घंटी वाजवून पाहिली आणि दुकानदाराला म्हणाली, "आवाज खणखणीत आहे. हीच द्या."

ती बाळंतपणं करणारी नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. तिची औषधांची पेटी माझ्या कॅरिअरला बांधलेली असे. पहाट असो, पाऊस असो, निरोप आला की आम्ही निघायचो. घंटी ऐकली की लोक एकमेकांना म्हणत, "सरका, सरका, सिस्टर आल्या!" कितीतरी घरांच्या दाराशी उभी राहून मी बाळाचं पहिलं रडणं ऐकलं आहे. घरातली माणसं सिस्टरला धन्यवाद देत, आणि एखादा आनंदानं वेडा झालेला बाप माझ्याही सीटवर थाप मारून जाई.

मग सिस्टर निवृत्त झाली. तिच्या लेकीचं लग्न झालं आणि लेक-जावई तिच्याजवळच राहायला आले. जावई लिफ्ट दुरुस्त करणारा. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी तो दाराच्या फटीतून इतका गोड बोले, की घाबरलेली माणसं हसत बाहेर पडत. हातात चार पैसे आल्यावर त्यानं मोटार घेतली. घरात सगळ्यांना ती आवडली. माझी रवानगी जिन्याखाली झाली. टायर बसले, चेन गंजली. लेक एकदा म्हणाली, "आई, भंगारवाल्याला देऊन टाकू का गं?" सिस्टर म्हणाली, "मला आधी दे, मग तिला." तेवढ्यावर मी वाचले.

एके दिवशी जावयाच्या ऑफिसात कुणाचा तरी निरोपसमारंभ होता. दुपारच्या जेवणाबरोबर दारू झाली. दिवस कलताना तो स्वतःच मोटार घेऊन निघाला. बाजाराच्या वळणावर एक काचवाला खिडक्यांच्या काचा हातगाडीवरून नेत होता. मोटारीचा धक्का हातगाडीला लागला, काचांचा चुरा झाला आणि काचवाल्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं.

पोलिसांनी जावयाला यंत्रात फुंकर मारायला लावली. दवाखान्यात रक्तही घेतलं. दोन्हींत दारू निघाली. त्यातच गर्दीतल्या कुणीतरी सांगितलं, की हा पळून जात होता, लोकांनी धरून आणला. म्हणजे आरोप तीन झाले. दारू पिऊन गाडी चालवणं, माणसाला जखमी करणं आणि त्याला तसाच टाकून पळून जाणं. जामिनावर तो घरी आला तेव्हा चपला काढता काढता जिन्यावरच बसला. मी त्याच्या अगदी जवळ होते.

"मी पळालो नव्हतो," तो बायकोला म्हणाला. "मागून बस येत होती. वळणापलीकडे गाडी लावली आणि धावत परत आलो."

"प्यायला होता ना?"

"हो."

"मग कोण विश्वास ठेवणार तुमच्यावर?" ती म्हणाली आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

सिस्टर मात्र जिन्याखाली आली. तिनं माझ्यावरची छत्री काढली, चेन बोटानं चाचपली आणि दुसऱ्या दिवशी मला ढकलत सायकलवाल्याकडे नेलं. ओव्हरहॉलिंग झालं, नव्या ट्यूब पडल्या. सायकलवाला म्हणाला, "सिस्टर, या वयात?" ती म्हणाली, "चालताना गुडघे कुरकुरतात. हिच्यावर बसलं की गप्प बसतात."

आम्ही आधी एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांचं ऑफिस तळमजल्यावर होतं आणि मी त्यांच्या उघड्या खिडकीला टेकून उभी होते. जावई बसनं आला होता. आल्या आल्या त्यानं विचारलं, "यातून सुटेन का मी?"

"सुटण्याची गोष्ट सोडा," वकीलबाई म्हणाल्या. "त्या यंत्राची तपासणी वेळेवर झालेली नव्हती, यावर मला भांडता येईल. पण रक्ताचा रिपोर्ट तरीही उरतोच. खटला लांबेल, निकाल बदलणार नाही. तुम्ही प्यायला होता, माणूस जखमी झाला. हे कबूल करा, असं माझं मत आहे. पळून जाण्याचा आरोप खोटा असेल तर तिथे मात्र मी एक पाऊल मागे हटणार नाही. तो सिद्ध झाला, तर तुरुंग जवळजवळ नक्की. साक्षीदार आहे का कुणी?"

जावयानं नकारार्थी मान हलवली. सिस्टर म्हणाली, "शोधू."

मग आम्ही रोज त्या वळणावर जाऊ लागलो. सिस्टर मला हातानं ढकलत दुकानादुकानांतून विचारत फिरे. कुणी हात झटके, कुणी तोंड फिरवी. एकानं तोंडावर सांगितलं, "दारुड्याची सासू का तुम्ही?" सिस्टर म्हणाली, "हो, तीच." बरोबर वळणावर एक लाँड्री होती. तिच्या माडीवरच्या खिडकीतून रस्त्याच्या दोन्ही बाजू दिसत. लाँड्रीवालीनं सिस्टरचं सगळं ऐकून घेतलं आणि इस्त्री बाजूला ठेवली.

"पाहिलंय मी सगळं. पण सांगणार नाही. माझा भाऊ असल्याच एका दारुड्याच्या गाडीखाली गेला. मी का बाजू घेऊ तुमच्या जावयाची?"

सिस्टर म्हणाली, "बाजू घेऊ नका, बाई. तो प्यायला होता, हेही सांगा. जे पाहिलं तेवढंच सांगा. तुमच्या भावाला टाकून तो माणूस निघून गेला होता का?"

"गेला होता."

"हा परत आला का?"

लाँड्रीवालीनं पुन्हा इस्त्री उचलली. आम्ही निघालो. पण मी गल्लीच्या टोकाशी पोचते न पोचते तोच मागून हाक आली, "तारीख कधीची आहे?"

कोर्टाच्या दिवशी मला बाहेरच्या कठड्याला साखळीनं बांधलं होतं. आत काय घडलं ते मी पाहिलं नाही. सिस्टर आणि वकीलबाई बोलत बाहेर आल्या, त्यावरून मला सगळं कळलं. वकीलबाईंनी किल्ली घेतली आणि कुलूप काढलं. लाँड्रीवालीनं साक्ष दिली होती. "दारूचा वास माडीपर्यंत येईल असा प्यायला होता," असं ती आधी म्हणाली, आणि मग म्हणाली, "पण धावत परत आला तो स्वतःच. काचांत गुडघे टेकून बसला होता. लोकांनी धरलं ते त्यानंतर." पळून जाण्याचा आरोप टिकला नाही. बाकीचे जावयानं कबूल केले होते. त्याला मोठा दंड झाला, काचवाल्याला नुकसानभरपाई द्यायची होती आणि वर्षभरासाठी लायसन्स गेलं. पुन्हा असं घडलं तर सरळ तुरुंग, असं न्यायाधीशांनी बजावलं.

लाँड्रीवाली पायऱ्या उतरत होती. जावई तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला. ती म्हणाली, "माझे आभार मानू नका. पुन्हा पिऊन चाकाला हात लावू नका, म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी जावई जिन्याखाली वाकला. "आई, सायकल नेऊ का?"

"न्या, जावईबापू. पण ती बायकांची आहे. लोक हसतील."

"हसू देत."

आणि हसलेच की लोक! हत्यारांची पिशवी कॅरिअरला, गुडघे हँडलला लागतायत, असा तो उंच माणूस माझ्यावर बसून कामावर जाऊ लागला. सुट्टीच्या दिवशी आम्ही काचवाल्याकडे जायचो. पहिल्यांदा जावई फळं घेऊन गेला तेव्हा काचवाला म्हणाला होता, "फळं ठेवा तुमच्याकडे. माझी गिऱ्हाइकं खोळंबलीत. गाडी ढकलायला येता का?" तेव्हापासून मला त्याच्या दाराशी उभी करून जावई हातगाडी ढकली आणि काचवाला एका हातानं वाट दाखवत पुढे चाले. सुरुवातीला दोघं अक्षरही बोलत नसत. हाड जुळून यायच्या सुमाराला मात्र काचवाला त्याला ओरडून सांगू लागला, "अहो, जपून! काच आहे ती, लिफ्ट नव्हे!"

वर्ष सरलं आणि लायसन्स परत मिळालं. त्याच संध्याकाळी अभिनंदन करायला जावयाचा कामावरचा जोडीदार आला. दारातच त्याच्या तोंडाला वास येत होता आणि तो स्वतःची मोटार घेऊन आला होता. जावयानं हात पुढे केला. "किल्ली दे."

"अरे, मला काही झालेलं नाही!"

"मलाही काही झालं नव्हतं. किल्ली दे."

त्यानं जोडीदाराला माझ्या कॅरिअरवर बसवलं आणि हातानं ढकलत निघाला. तो गडी वाटभर माझ्या मडगार्डची माफी मागत होता. त्याच्या घराचं दार बायकोनं उघडलं. तिनं रस्त्यावर इकडेतिकडे पाहिलं. "गाडी कुठाय यांची?"

"गाडी आमच्या दारात आहे, वहिनी," जावई म्हणाला. "तुम्ही माणूस घ्या."

मित्रांनो, पूर्वी मी या जगात नवी माणसं येताना पाहिली. आता जी आहेत ती घरी पोचताना पाहते. सिस्टरनं मला भंगारात जाऊ दिलं नाही, वकीलबाईंनी खोटं बोलायला शिकवलं नाही, लाँड्रीवालीनं मनातला राग बाजूला ठेवला. या तिघींची मी ऋणी आहे. तुमच्या घरातलं कुणी पिऊन गाडीकडे निघालं, तर न भिता मोठ्या माणसांना हाक मारा. किल्ली काढून घ्यायला लावा. रुसले तर रुसू देत. सकाळी रुसायला ते घरात असतील.