जोड पक्के होते

मित्रांनो, मी गिटारचा आवाज मोठा करणारा एक अँप्लिफायर आहे. कारखान्यातला नाही, घरी बनवलेला. केजच्या बाजारात मुंजाजींचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. भंगारातल्या रेडिओंचे व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या, जमवून त्यांनी मला उभं केलं. त्यांची नजर अधू झालेली, म्हणून माझ्या पोटातला एकूण एक जोड त्यांच्या पत्नीने, वत्सलाबाईंनी, कथील वितळवून सोल्डर केला. शेवटी मुंजाजींनी सगळ्या तारा दोऱ्याने एकत्र बांधल्या. आतूनही मी देखणा दिसावा, ही त्यांची हौस.

तलवाड्याचे अंगद सर गिटार वाजवत. तिथल्या एका सत्कार समारंभात त्यांच्या गिटारला जोडून मी पहिल्यांदा वाजलो. सरांनी आवाज वाढवला आणि मी किंचाळायलाच लागलो. लोकांनी कानांवर हात ठेवले, काही जण हसले. मुंजाजी ओशाळले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "माझं काम पक्कं हाय. जोड हिनं केलेत, तिथंच कच्चं राहिलं आसंल."

बायकांच्या रांगेत बसलेल्या वत्सलाबाईंनी मान खाली घातली. त्यांचा दोष नाही, हे मला ठाऊक होतं. पण मला सांगता येईना. माझ्या किंकाळीने त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष दिली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्या दुकानात आल्या नाहीत. मुंजाजींनी भिंग लावून प्रत्येक जोड नव्याने केला, बोटं भाजून घेतली. व्हॉल्व्ह बदलले. तरी मी किंचाळतच राहिलो.

एका दुपारी त्यांनी बांबूच्या कोरड्या काडीने तारांची जुडी सहज हलवली, तर माझा सूर बदलला. ते थबकले. त्यांनी मला बंद करून दोरा कापला, गिटारकडून येणारी तार स्पीकरकडे जाणाऱ्या तारेपासून दूर सारली आणि मला पुन्हा सुरू केलं. मी शांत! बाहेर जाणारा आवाज शेजारच्या तारेतून परत आत शिरत होता आणि पुन्हा पुन्हा वाढत होता. दोरा मुंजाजींनीच बांधला होता.

तलवाड्यातल्या पुढच्या कार्यक्रमात त्यांनी माईकवरून चूक कबूल केली. टाळ्या पडल्या. मलाही वाटलं, सुटलो.

जीपने मला घरी आणून त्यांनी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. वत्सलाबाई ज्वारी निवडत होत्या.

"गावाला सांगितलं व्हय? बरं केलं. मला आधी का न्हाई सांगितलं?"

मुंजाजी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "चुकलं माझं. शोध न घेताच तुझं नाव घेतलं."

वत्सलाबाईंनी ज्वारी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "त्या दिशी मला लई लाज वाटली. परतताना जीपमधी सारे माझ्याकडंच बघत व्हते." मुंजाजींनी मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं.

मित्रांनो, आता मी सुरेल वाजतो. तरी माझं मन मला खातं. आमच्यासारखी यंत्रं बिघडली, तर धीराने दोष शोधा. तोवर कुणाचं नाव घेऊ नका. आम्हाला खरं माहीत असतं, पण बोलता येत नाही. आणि चूक तुमचीच निघाली, तर ती आधी त्या माणसाला सांगा.