जिभेखालचे सहा थेंब

आईच्या चेहऱ्यावर तेज आलंय म्हणून सगळे खूश होते. शेजारीण म्हणाली, "दहा वर्षांनी लहान दिसताय." धाकटा मुलगा म्हणाला, "बघ, काकांच्या थेंबांची कमाल." एकटी थोरली मुलगी मात्र आईचा चेहरा उजेडाकडे वळवून बघत होती.

तिला घरात सगळे ताई म्हणत. ज्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती वीस वर्षं रक्त तपासत होती, तिथंही ती ताईच. आईचा चेहरा भरला नव्हता, सुजून गोल झाला होता. हात मात्र काडीसारखे बारीक, आणि मनगटापासून कोपरापर्यंत निळेजांभळे डाग.

"हे काय लागलं?"

"काही नाही गं, नुसता धक्का लागला तरी उमटतं. वय झालं आता. पण गुडघे बघ माझे!" असं म्हणून आई जिना उतरून खाली गेली आणि परत चढून वर आली. दोन वर्षांपूर्वी हीच बाई रेलिंगला धरून एकेका पायरीवर थांबत होती.

खाली थेंबवाले काका राहत होते; कुठलंही दुखणं असो, ते रोज जिभेखाली सहा थेंब टाकायला सांगत. खरं तर सगळी गोष्ट तिथंच सुरू होते.

खालच्या दोन खोल्या रस्त्याला लागून. तिथं वडिलांचा बाइंडिंगचा कारखाना होता. कोर्टाच्या, शाळांच्या, बँकांच्या वह्या ते आयुष्यभर शिवत आणि चिकटवत आले. ते गेल्यावर खोल्यांना कुलूप लागलं. मग धाकट्याची कंबर धरली, कुणीतरी त्याला थेंबवाल्या काकांकडे नेलं, आणि चार दिवसांच्या थेंबांत तो ताठ चालायला लागला. काकांना बसायला जागा नव्हती. धाकट्यानं भलेपणानं खालची चावी देऊन टाकली. "रविवारी सकाळी तेवढे बसतील, पेशंट बघतील, जातील," असं तो ताईला फोनवर म्हणाला होता. कागद नाही, करार नाही. पुढे रविवारचे रोज झाले. मग काकू आल्या, मग गॅस आला, मग मागच्या खोलीत पलंग आला. त्यांची पत्रं या पत्त्यावर यायला लागली. एक दिवस ताई वह्यांच्या पाठीचं कातडं कापायची वडिलांची सुरी न्यायला गेली, तर तिच्या जवळची चावी कुलपाला लागेना.

"जुनं कुलूप गंजलं होतं," काका म्हणाले. माणूस ठेंगणा, स्वच्छ, आवाज कधी न चढवणारा. "तुम्हाला काय हवंय ते सांगा, मी काढून देतो."

स्वतःच्या बापाच्या दारात उभं राहून परक्याकडून बापाची सुरी मागून घ्यायची! तिला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. आत डोकावली तर वह्या दाबायच्या लोखंडी प्रेसवर बाटल्या मांडलेल्या. करंगळीएवढ्या, तपकिरी, सगळ्या सारख्या. भिंतीला लागून बाकं होती आणि बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसलेली. सगळ्यांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. ते चेहरे आपण आधी पाहिलेत असं तिला उगीचच वाटलं.

त्या दिवसाचं ते वाटणं आता आईसमोर उभं असताना तिच्या डोक्यात लख्ख झालं. बाकांवरचे बरेचसे चेहरे असेच होते. गोल, तुकतुकीत, गालांवर लाली. एकाच घरातली भावंडं असावीत तसे.

तिनं पिशवीतून सिरिंज काढली. आई कुरकुरली, पण हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये साखरेचा आकडा आला तीनशे ऐंशी. आईला आयुष्यात कधी साखर नव्हती. ताईनं यंत्राचा दोष असेल म्हणून पुन्हा लावलं. तीनशे ब्याऐंशी.

आईच्या उशाशी एक अर्धी बाटली होती. ताईनं त्यातले थोडे थेंब काढून घेतले आणि औषधांची तपासणी करणाऱ्या एका मैत्रिणीकडे दिले. आठ दिवसांनी मैत्रिणीचा फोन आला.

"कुणाला देतात हे?"

"का गं?"

"स्टेरॉइड आहे. किरकोळ नाही, चांगलं जबरदस्त. वास यावा म्हणून वर काहीतरी पाल्याचा अर्क घातलाय, बाकी पाणी. दुखणं थांबणारच की! भूक लागणार, अंगात जोर येणार. पण आतून माणूस पोखरला जातो. आणि ऐक, एकदम बंद करू नकोस. शरीर स्वतःचं बनवायचं विसरून गेलेलं असतं. बाहेरून यायचं थांबलं की माणूस कोसळतो."

ताईनं आईला हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टरांनी तेच औषध मोजून गोळीच्या रूपात दिलं आणि महिन्यामहिन्यानं कमी करत न्यायचं ठरवलं. आई रडली, भांडली. "माझे गुडघे तुमच्या डॉक्टरांनी बरे केले होते का?" डॉक्टरांनी खरंच केले नव्हते. व्यायाम करा, वजन कमी करा, असं सांगून तीन मिनिटांत बाहेर काढलं होतं. काकांनी पहिल्याच दिवशी तिचा पाय मांडीवर घेऊन अर्धा तास ऐकून घेतलं होतं.

मग ताई खाली गेली. दुपारची वेळ, बाकं रिकामी. काका बाटल्यांना बुचं लावत होते. मागच्या खोलीच्या दारात काकू उभ्या होत्या.

"काका, खोल्या रिकाम्या करा. महिन्याच्या आत."

"ताई, मी एकटा असतो तर आज गेलो असतो. पण माझी माणसं आहेत." त्यांनी बाकांकडे हात केला, जणू माणसं बसलेलीच होती. "त्यांना कुठं टाकू?"

"थेंबांत काय आहे ते मला कळलंय."

ते दचकले नाहीत. बूच घट्ट केलं, बाटली प्रेसवर ठेवली आणि तिच्याकडे मायेनं पाहिलं. "मग एवढंही कळलं असेल की ते बंद केले की काय होतं. मी प्रत्येकाला सांगतो, खंड पाडू नका. तुम्ही मला उठवाल, ताई. नंतर ही माणसं उठवायला तुम्हालाच यावं लागेल."

ते धमकावल्यासारखं बोललेच नाहीत. उद्या ऊन पडेल म्हणावं तसं म्हणाले.

ताई एका वकीलबाईंकडे गेली; त्यांनी कागद मागितले. कागद नव्हतेच. "दावा टाकू," त्या म्हणाल्या, "पण हे भिजत घोंगडं आहे. पाच वर्षं, सात वर्षं. तोवर कुलूप तोडायचं नाही, वीज तोडायची नाही. तोडलीत तर गुन्हेगार तुम्ही."

राहता राहिला औषध निरीक्षक. त्यानं मैत्रिणीचा अहवाल वाचला, पुन्हा वाचला आणि मंगळवारी सकाळी येतो म्हणाला. ताईनं विचारलं, "आणि जे लोक हे घेतायत त्यांचं काय? त्यांना कुणीतरी सांगायला हवं. काका प्रत्येकाचं नाव आणि फोन नंबर एका वहीत लिहून ठेवतात. ती वही आधी ताब्यात घ्या."

"वही मिळेल की. छाप्यात सगळंच मिळतं."

ही गोष्ट तिनं फक्त धाकट्याला सांगितली.

मंगळवारी निरीक्षक आला तेव्हा दार सताड उघडं होतं. कुलूप कडीला लटकत होतं, त्यातच चावी. बाकं होती, पलंग होता, गॅसची शेगडी पुसून ठेवलेली. बाटली एक नाही. वही नाही. माणसं नाहीत; मंगळवारी बंद, असं काका त्यांना सांगून गेले होते. लोखंडी प्रेसवर बाटल्यांच्या बुडांचे गोल गोल डाग तेवढे राहिले होते.

धाकटा मान खाली घालून उभा होता. "मीच सांगितलं त्यांना," तो म्हणाला. "म्हटलं, आपल्या दारात पोलीस, तमाशा कशाला? शांतपणे जातील. गेले की, ताई! कोर्ट नाही, कचेरी नाही. घर सुटलं ना आपलं?"

घर सुटलं होतं. ज्याच्यासाठी कोर्टात पाच-सात वर्षं लागली असती, ते एका रात्रीत झालं होतं. तिनं धाकट्याकडे पाहिलं. कडीचं कुलूप काढून तिनं ते चावीसकट त्याच्या हातात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माणसं आली. नेहमीसारखी येऊन दारापाशी रांगेत उभी राहिली. काकांची बाटली आठ दिवसांची असे, त्यामुळे रोज कुणाची ना कुणाची संपत होती. ताईनं रजा टाकली, दारात खुर्ची मांडली आणि येईल त्याला सांगत बसली. थेंबांत स्टेरॉइड आहे, ते एकदम थांबवू नका, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये जा, डॉक्टरला हा शब्द दाखवा. तिनं चिठ्ठ्याच लिहून ठेवल्या होत्या. काहींनी चिठ्ठी घेतली. काहींनी घेऊन तिच्यासमोरच चुरगाळली.

"तुम्हीच हाकललंत त्यांना," एक शिवणकाम करणारी बाई म्हणाली. तिचा चेहरा आईसारखाच गोल होता. "घरासाठी. आम्हाला कळत नाही होय?"

बसचा एक रिटायर्ड ड्रायव्हर रोज यायचा. चिठ्ठी घ्यायचा नाही, बोलायचा नाही, समोरच्या फुटपाथवर उभा राहून बंद खोलीकडे बघत राहायचा. पाचव्या दिवशी त्याला उभं राहवत नव्हतं. भिंतीला टेकला होता, ओठ पांढरे पडलेले. ताई रस्ता ओलांडून गेली आणि त्याचा हात धरला. हात बर्फासारखा. "चला, मी रिक्षा करते." त्यानं हात सोडवून घेतला. "काका येतील," म्हणाला. सहाव्या दिवशी तो आला नाही. आठव्या दिवशी त्याच्या सुनेनं येऊन सांगितलं, उलट्या झाल्या, पडले, हॉस्पिटलच्या दारापर्यंतसुद्धा पोचले नाहीत. ती भांडायला आली नव्हती. तिला फक्त विचारायचं होतं की तुम्ही जो शब्द लिहून देत होतात, तो काय होता.

ताईनं चिठ्ठी दिली. सुनेनं ती उभ्याउभ्या वाचली, घडी घातली आणि निघून गेली.

त्यानंतरच्या रविवारी काकू आल्या. एकट्या, हातात कापडी पिशवी, चालताना मधेच थांबत. ताईनं त्यांना आजवर कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या नेहमी मागच्या खोलीच्या अंधारात असत. आज उन्हात पाहिलं. गोल चेहरा, तुकतुकीत गाल, हातांवर निळे डाग.

"तुम्हीपण?" ताईच्या तोंडून निघून गेलं.

"सात वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "सांधे धरले होते माझे. माझ्यासाठीच शोधलं त्यांनी. पहिली बाटली माझी." त्यांनी पिशवीतून वही काढली. वडिलांनीच बांधलेली, लाल पाठीची. खालच्या कपाटातली असणार. "बहिणीकडे सोडलं मला. चार दिवसांत येतो म्हणाले. एकच बाटली ठेवली होती, ती बुधवारी संपली. ही वही माझ्या सामानात आली. ते विसरले की..." पुढचं त्यांना बोलता आलं नाही. दाराची चौकट धरायला गेल्या आणि ताईच्या अंगावर कोसळल्या.

हॉस्पिटलमध्ये त्यांना वेळेत सलाईन आणि इंजेक्शन मिळालं. ताई बाहेरच्या बाकावर वही उघडून बसली, शेजारी धाकटा. एकशे चौदा नावं. अर्धी त्यानं घेतली, अर्धी तिनं. संध्याकाळपर्यंत फोन चालू होते. नऊ जण आधीच कुठल्या ना कुठल्या हॉस्पिटलमध्ये दाखल होते आणि तिथल्या डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं. बहुतेकांनी ऐकून घेतलं. सहा-सात जणांनी फोन आपटला. तीन नंबर नुसते वाजत राहिले. धाकटा ते पुन्हा पुन्हा लावत होता. रडत होता, डोळे पुसत होता आणि पुन्हा लावत होता.

चार दिवसांनी काकू उठून बसल्या. बहीण न्यायला येणार होती. "कुठं गेले ते?" ताईनं विचारलं. "मला खरं सांगा."

काकूंनी चादरीची कड दुमडली. "तुम्ही तक्रार केलीत म्हणून गेले असं वाटतंय ना तुम्हाला? जागा दोन महिन्यांपूर्वीच बघून ठेवली होती. एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. एकट्याच. घराखाली त्यांचा गाळा रिकामा पडलाय. कंबर धरली होती त्यांची." त्यांनी वहीचं शेवटचं पान उलटायला सांगितलं. तिथं एकच नाव, एक गाव आणि एक नंबर होता.

ताईनं आधी निरीक्षकाला कळवलं. दुसऱ्या जिल्ह्याचं आहे, तिकडे लिहितो, असं तो म्हणाला. मग ती हॉस्पिटलच्या आवारात एका झाडाखाली उभी राहिली आणि तिनं तो नंबर लावला.

आवाज शाळेत ऐकू येतो तसा खणखणीत होता. ताईनं सगळं सांगितलं. स्टेरॉइड, आई, ड्रायव्हर, काकू, काही वगळलं नाही. पलीकडून मधेच कुणी तोडलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर बाई म्हणाल्या,

"तुमचा फोन येईल असं म्हणाले होते ते. तुम्ही घराच्या भांडणातून त्यांच्या मागे लागलाय म्हणाले."

"बाई, माझं ऐका. मी पाया पडते. किती दिवस झाले घेताय?"

"बारा. आणि काल मी तीन वर्षांनी खाली वाकून स्वतःची चप्पल उचलली." त्या हसल्या. अगदी मोकळ्या, आनंदानं. "अहो, तुम्ही तरी येऊन बघा एकदा. पण लवकर या हं. आमच्याकडे सकाळी सहालाच रांग लागते."